एक्सटी संगणकावरची जुनी सॉफ्टवेअर मोठ्या फ्लॉपीवरून कशी चालवावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातील आपल्या गावच्या सहकारी जिनिंग संस्थेने तिचा जुना, आयबीएमच्या एक्सटी या सुरुवातीच्या काळातल्या संगणकाशी सुसंगत असलेला संगणक शाळेला दिला. त्यात ८०८८ प्रोसेसर, ६४० किलोबाइट मेमरी आणि सव्वापाच इंची, ३६० किलोबाइटचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह आहेत; हार्ड डिस्क नाही. डॉस ३.३ ही कार्यप्रणाली, डीबेस थ्री प्लस हे नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर, वर्डस्टार हे लेखनाचे सॉफ्टवेअर आणि कापसाच्या चुकाऱ्यांचा डीबेसमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम त्यावर अजून चालतो, मात्र शेतकऱ्यांच्या नोंदी दोन फ्लॉप्यांवर विभागलेल्या असल्यामुळे सारखी डिस्क बदलावी लागते. आपण नागपूरच्या जुन्या बाजारातून सव्वापाच इंची १.२ मेगाबाइटचा एक आणि साडेतीन इंची १.४४ मेगाबाइटचा एक असे दोन ड्राइव्ह आणले आहेत, आणि यांपैकी कोणता बसवला असता सगळे काम एका मोठ्या फ्लॉपीवरून होईल, असे आपण विचारता.

माझे उत्तर असे की, साडेतीन इंची ड्राइव्ह बसवावा, पण त्याचा उपयोग १.४४ मेगाबाइटसाठी न करता ७२० किलोबाइटसाठी करावा. १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह या संगणकाला तूर्त जोडू नये. फ्लॉपीवर किती मावते यापेक्षा ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डाला ती फ्लॉपी कोणत्या गतीने वाचता येते, याला येथे अधिक महत्त्व आहे, आणि त्या कसोटीवर ७२० किलोबाइटची फ्लॉपी ही ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीची सख्खी बहीण ठरते. कमांडची आणि फाइलींची नावे मी पुढे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

आधी ३६० किलोबाइटचा हिशेब पाहू. या फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ४० ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे, असतात, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर, म्हणजे त्याचे तुकडे, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. म्हणजे एकूण ३,६८,६४० बाइट. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे फिरतो आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखालून डेटा सेकंदाला २,५०,००० बिट या गतीने जातो. एक्सटीच्या मूळ फ्लॉपी कंट्रोलरला एवढी एकच गती माहीत असते. तिच्यात बदल करण्याची सोय त्या कार्डावर नसते. साडेतीन इंची ७२० किलोबाइटच्या फ्लॉपीवरही एका ट्रॅकवर ९च सेक्टर असतात, ती ३०० फेऱ्यांनीच फिरते आणि डेटाची गतीही तीच असते. फरक एवढाच की ट्रॅक ४० ऐवजी ८० असतात, आणि जास्तीच्या ट्रॅकवर जायचे म्हणजे कंट्रोलरने डोके सरकवण्याचे ठोके आणखी काही वेळा द्यायचे, जे त्याला येतेच. त्यामुळे कार्ड न बदलता क्षमता बरोबर दुप्पट होते.

१.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर एका ट्रॅकवर १८ सेक्टर असतात आणि फेरे तेवढेच राहतात, म्हणून डेटाची गती दुप्पट, सेकंदाला ५,००,००० बिट होते. १.२ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर १५ सेक्टर असतात, पण तो ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेरे फिरतो, त्यामुळे तिथेही गती ५,००,०००च येते. ही गती एटी या एक्सटीनंतरच्या मॉडेलच्या कंट्रोलरबरोबर १९८४ मध्ये आली. आपल्या कार्डाला ती मिळत नाही, म्हणून उच्च घनतेची फ्लॉपी आपल्या यंत्रावर फॉरमॅटही होणार नाही आणि वाचलीही जाणार नाही. ८०८८ प्रोसेसर त्यासाठी फार हळू आहे असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. डेटा डीएमएमार्फत, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरीत जातो आणि ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रालाही दर १६ मायक्रोसेकंदांनी येणारा बाइट झेलता येतो. अडचण केवळ कार्डाची आणि बायोसची, म्हणजे संगणकात पक्क्या बसवलेल्या मूळ प्रोग्रामची, आहे. स्वतःचा रॉम असलेले उच्च घनतेचे कंट्रोलर कार्ड आठ बिटांच्या स्लॉटसाठीही बनत असे. तसे मिळाले तर १.४४ मेगाबाइट एक्सटीवर व्यवस्थित चालते. पण ते शोधण्यात वेळ घालवण्याआधी ७२० किलोबाइटमध्ये आपले काम भागते का, ते पाहणे श्रेयस्कर.

१.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह मी नाकारतो त्याचे कारण अधिक गंभीर आहे, कारण तिथे केवळ काम अडत नाही, डेटाही खराब होतो. हा ड्राइव्ह ३६० फेऱ्यांनी फिरत असल्यामुळे ३६० किलोबाइटची जुनी फ्लॉपी त्यात घातली की तिच्यावरचा डेटा सेकंदाला ३,००,००० बिट या गतीने येऊ लागतो. एटीच्या कंट्रोलरला ही तिसरी गती मुद्दाम दिलेली असते. आपल्या कंट्रोलरला नसते. समजा, आपण हा ड्राइव्ह शाळेतल्या एखाद्या ३८६ संगणकाला जोडला. तिथे जुन्या फ्लॉप्या वाचण्याचे काम तो चोख करील, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगीही आहे. पण त्यात ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर लिहू नये. त्याच्या डोक्याची रुंदी ८० ट्रॅकांच्या हिशेबाने असते, म्हणजे ४० ट्रॅकच्या ड्राइव्हच्या डोक्यापेक्षा जवळजवळ निम्मी. वखराच्या पट्ट्यातून डवरा फिरवला तर दोन्ही कडांना तण उभे राहते, त्याप्रमाणे जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध नवा अरुंद ट्रॅक लिहिला जातो आणि कडांना जुना डेटा शिल्लक राहतो. ती फ्लॉपी पुन्हा एक्सटीत घातली की तिथले रुंद डोके नवे आणि जुने एकदमच वाचते, आणि पडद्यावर सेक्टर न सापडल्याचा संदेश येतो. कधीही न वापरलेली किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी या ड्राइव्हवर फॉरमॅट केली तर ती एक्सटीत चालून जाते, पण संस्थेच्या नोंदींसाठी असल्या योगायोगावर विसंबू नये.

एक अपवाद नोंदवतो. १.२ मेगाबाइटच्या काही ड्राइव्हांवर फेरे ३०० वर आणण्याचा जंपर, म्हणजे टाचण्यांवर बसणारी छोटी टोपी, असतो. तो बसवला की सव्वापाच इंची, ८० ट्रॅकचा, ९ सेक्टरचा, म्हणजे कंट्रोलरच्या दृष्टीने ७२० किलोबाइटचाच ड्राइव्ह तयार होतो, आणि त्यात साध्या दुहेरी घनतेच्या फ्लॉप्या चालतात. आपल्या ड्राइव्हवर असा जंपर आहे की नाही, हे त्याच्या मॉडेलचे माहितीपत्रक पाहूनच ठरवता येईल. अंदाजाने जंपर हलवून पाहू नयेत.

कोऱ्या फ्लॉप्या विकत घेताना गोंधळ होतो, म्हणून त्याबद्दल थोडे. सव्वापाच इंची दुहेरी घनतेच्या चकतीवरील चुंबकीय लेपाची निग्राहिता, म्हणजे चुंबकत्व बदलण्याला होणारा विरोध, सुमारे ३०० ऑरस्टेड असते आणि उच्च घनतेच्या चकतीची सुमारे ६००. हा फरक एवढा मोठा आहे की १.२ मेगाबाइटची कोरी फ्लॉपी ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हमध्ये फॉरमॅट होत नाही, आणि झाली तरी टिकत नाही. लेबल निघून गेले असेल तर मधल्या छिद्राभोवती मजबुतीची कडी आहे का ते पाहावे. ती बहुधा दुहेरी घनतेच्या फ्लॉपीला असते, उच्च घनतेच्या फ्लॉपीला सहसा नसते. साडेतीन इंचीमध्ये दोन प्रकारांतला फरक बराच कमी आहे. त्यामुळे १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरील घनतेचे छिद्र, म्हणजे लेखनबंदीच्या खिडकीच्या समोरच्या कोपऱ्यातले, अपारदर्शक चिकटपट्टीने बंद केले तर ती ७२० किलोबाइटला फॉरमॅट होते आणि बऱ्यापैकी चालते. मात्र आधी १.४४ मेगाबाइटला फॉरमॅट झालेली फ्लॉपी अशी वापरायची असेल तर ती प्रथम चुंबकाने पुसावी, आणि मूळ नोंदींची एकमेव प्रत अशा फ्लॉपीवर कधीही ठेवू नये. खऱ्या ७२० किलोबाइटच्या फ्लॉपीला ते दुसरे छिद्र नसते. फ्लॉपीचा धंदा आता संपल्यात जमा आहे. सोनीने जपानमधील विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. म्हणून कोरी दुहेरी घनतेची पाकिटे दिसतील तिथे घेऊन ठेवावीत.

आता जोडणी. आपले सध्याचे दोन्ही ड्राइव्ह ३४ तारांच्या एकाच पट्टीवर असतील आणि शेवटच्या जोडाआधी तिच्या काही तारांना पीळ असेल. पिळाच्या पलीकडे, शेवटच्या टोकाला असतो तो ए ड्राइव्ह, आणि मधल्या जोडावर असतो तो बी. या पिळामुळेच दोन्ही ड्राइव्हांची निवड एकाच क्रमांकावर, म्हणजे डीएस१ वर, ठेवलेली असते आणि पीसीसाठी बनलेले साडेतीन इंची ड्राइव्ह तर कारखान्यातूनच तसे येतात. नवा ड्राइव्ह मधल्या जोडावर, बी म्हणून लावावा. जुन्या पट्टीचे जोड कार्डाच्या कडेवर बसणारे असतात आणि साडेतीन इंची ड्राइव्हला टाचण्यांचा जोड लागतो, म्हणून मध्ये रूपांतरक लागेल. विजेचा जोडही लहान आकाराचा असतो. त्यासाठीची तार वेगळी मिळते. मोठ्या जोडात पिवळी तार १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची असते. रूपांतरकात त्यांची अदलाबदल झाली तर ड्राइव्ह जळतो, म्हणून संगणक चालू करण्याआधी ते मीटरने तपासावे. ए ड्राइव्हवरील शेवटचा रोधक संच जागेवरच राहू द्यावा.

डॉसला हा नवा ड्राइव्ह ७२० किलोबाइटचा आहे हे सांगावे लागते, कारण जुन्या एक्सटीचा बायोस त्याला ३६०चाच समजतो. ७२० किलोबाइटची सोय डॉसमध्ये ३.२ या आवृत्तीपासून, १९८६ मध्ये आली, त्यामुळे आपले ३.३ पुरेसे आहे. कॉन्फिग डॉट सिस या फाइलमध्ये ‘ड्राइव्हपार्म=/डी:१ /एफ:२’ अशी ओळ लिहावी; यातला १ हा दुसऱ्या ड्राइव्हचा क्रमांक आणि २ हा ७२० किलोबाइटचा संकेत. आपला डॉस या ओळीला न ओळखता आल्याचा संदेश देत असेल, आणि ३.३ च्या काही प्रतींत असे होते, तर तिच्याऐवजी ‘डिव्हाइस=ड्रायव्हर डॉट सिस /डी:१ /एफ:२’ लिहावे. या दुसऱ्या पद्धतीत मात्र त्याच ड्राइव्हला एक नवे अक्षर मिळते, हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रावर बहुधा सी, आणि त्याच ड्राइव्हला बी म्हणून हाक मारली तर डॉस पुन्हा ३६०च समजतो. चुकाऱ्यांच्या प्रोग्राममध्ये बी हे अक्षर जागोजागी पक्के लिहिलेले असेल, तर ‘असाइन बी=सी’ ही कमांड ती मागणी नव्या अक्षराकडे वळवते. फॉरमॅट किंवा डिस्ककॉपी करताना असाइन लागू ठेवू नये.

यापुढे आपल्या नियोजनाबद्दल एक वेगळे मत मांडतो. आपण सॉफ्टवेअर मोठ्या फ्लॉपीवर न्यायचे म्हणता, पण आपला त्रास सॉफ्टवेअरमुळे नाही. डीबेस थ्री प्लस सुरू होताना एकदाच दुसरी सिस्टिम डिस्क मागते. ती ए मध्ये घातली की नंतर तिथेच राहते. दिवसभर अदलाबदल होते ती नोंदींच्या फ्लॉप्यांची. म्हणून पहिल्या टप्प्यात नोंदीच ७२०वर न्याव्यात. समजा, एका शेतकऱ्याची नोंद ११८ बाइटची आहे आणि खातेदार २,४०० आहेत. म्हणजे फाइल सुमारे २,८३,२०० बाइटची. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर प्रत्यक्ष वापराला ३,६२,४९६ बाइट मिळतात, त्यामुळे फाइल मावते, पण काटापट्ट्यांची दुसरी फाइल आणि इंडेक्स यांना जागा उरत नाही. शिवाय आधार किंवा मोबाइल क्रमांकासारखा एखादा नवा रकाना घालायचा झाला तर ‘मॉडिफाय स्ट्रक्चर’ ही कमांड जुन्या फाइलची प्रत राखून नवी बनवते, म्हणजे दुप्पट जागा मागते, आणि ती तिथे मिळतच नाही. ७२०वर वापराला ७,३०,११२ बाइट मिळतात. दोन्ही प्रती मावून दीड लाखाहून अधिक बाइट शिल्लक राहतात. दोन भागांत तोडलेली फाइल ‘अपेंड फ्रॉम’ने जोडावी, मग इंडेक्स नव्याने करावा, आणि कॉन्फिग डॉट डीबी या फाइलमध्ये ‘डिफॉल्ट=बी’ लिहावे. बहुतेक प्रोग्राम एवढ्यावर, एकही ओळ न बदलता, चालू लागतात.

सॉफ्टवेअर नेण्याचा टप्पा यानंतरचा. त्यासाठी ए च्या जागीही साडेतीन इंची ड्राइव्ह बसवावा लागेल. ३६० आणि ७२० या दोन्ही फ्लॉप्यांवर डॉस जागेचे वाटप १,०२४ बाइटच्या गठ्ठ्यांनी करतो. पहिलीवर असे ३५४ गठ्ठे असतात आणि दुसरीवर ७१३. म्हणून काठोकाठ भरलेल्या दोन लहान फ्लॉप्यांतल्या फाइली एका मोठ्या फ्लॉपीवर नक्की मावतात, आणि वर ५ गठ्ठे उरतात. पण मूळ निर्देशिकेत दोन्ही फ्लॉप्यांवर ११२च नोंदी बसतात. लहान फाइली पुष्कळ असतील तर जागा असूनही डॉस नकार देईल, आणि ते पाहून फ्लॉपी खराब झाली असे समजू नये. नव्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशा वेळी उपनिर्देशिका करावी, वर्डस्टार ३.३ सारख्या जुन्या सॉफ्टवेअरला मात्र उपनिर्देशिका कळतच नाही. त्याच्या डब्ल्यूएस डॉट कॉम या फाइलीबरोबरच्या दोन्ही ओव्हीआर फाइली चालू ड्राइव्हच्या चालू निर्देशिकेतच असाव्या लागतात. वर्डस्टारसाठी मी वेगळी फ्लॉपी ठेवीन.

नकल करताना डिस्ककॉपी वापरता येत नाही, कारण ती समान क्षमतेच्या फ्लॉप्यांसाठीच आहे. ‘कॉपी’ किंवा ‘एक्सकॉपी’ने फाइली न्याव्यात, आणि दोन्ही डिस्कांवर एकाच नावाच्या फाइली आहेत का, हे आधी दोन्ही याद्या छापून पडताळावे. ऑटोएक्झेक डॉट बॅट आणि कॉन्फिग डॉट सिस या बहुतेक ठिकाणी दोनदा आढळतात, आणि दुसरी प्रत पहिलीवर काही न विचारता बसते. या कमांड लपवलेल्या फाइली नेत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. डॉसच्या स्वतःच्या फाइली ‘फॉरमॅट’च्या ‘/एस’ या पर्यायाने आधी घालून घ्याव्यात. त्यांना काही जागा लागेल. डीबेसच्या मदतीच्या फाइली वगळल्या तर ती निघते, आणि चुकाऱ्यांचा प्रोग्राम चालवणाऱ्याला त्या फाइलींची गरज पडत नाही. ए मधली फ्लॉपी काढून ठेवायची असेल तर कमांड डॉट कॉमची प्रत बी वर करून ऑटोएक्झेकमध्ये ‘सेट कॉमस्पेक=बी:\कमांड डॉट कॉम’ असे लिहावे. नाहीतर डीबेसमधून बाहेर पडताच डॉस ती फाइल असलेली डिस्क ए मध्ये मागतो.

ए म्हणून ७२०चा ड्राइव्ह लावल्यावर संगणक त्यावरून सुरू होईल का? बहुधा होतो. बायोस पहिल्या ट्रॅकवरचा पहिला सेक्टर वाचून त्याच्या हाती कारभार सोपवतो, आणि ट्रॅकवर ९ सेक्टर व दोन बाजू ही माहिती त्या सेक्टरमध्येच असते. आयबीएमच्या १९८६च्या एक्सटी बायोसमध्ये तर ७२०ची सोय अधिकृतपणे आहे. जुन्या बायोसवर एक खोड दिसू शकते. कंट्रोलरमधील एनईसी ७६५ ही चिप डोके शून्य ट्रॅकवर आणण्यासाठी जास्तीत जास्त ७७ ठोके देते. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे डोके आतल्या अगदी शेवटच्या ट्रॅकवर असेल तर पहिल्या प्रयत्नात ते शून्यापर्यंत पोहोचत नाही आणि चूक दाखवली जाते. पुन्हा प्रयत्न केला की काम होते. ड्राइव्ह बदलण्याचे ते कारण नाही.

काही सॉफ्टवेअर मात्र फाइली नेऊन चालणारच नाही, आणि शाळेत जुने खेळ किंवा लोटस १-२-३ असेल तर आपल्याला हे अनुभवास येईल. लोटसच्या २.०१ पर्यंतच्या आवृत्त्यांत नकलबंदी होती. सुरू होताना ती मूळ डिस्क ए मध्ये आहे का हे तपासत असे. १९८९ च्या २.२ या आवृत्तीपासून ती काढली. अशी नकलबंदी फाइलींमध्ये नसते, ती एखाद्या ट्रॅकवर मुद्दाम वेगळ्या प्रकारे लिहिलेल्या सेक्टरांत असते, त्यामुळे सगळ्या फाइली गेल्या तरी ते सेक्टर जात नाहीत. यासाठीच ३६०चा एक ड्राइव्ह चालू स्थितीत जपून ठेवावा.

दुसरा वर्ग डॉसशिवाय, स्वतःच सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ते फाइलींची नावे जाणत नाही. अमुक ट्रॅक, अमुक बाजू, अमुक सेक्टर अशीच मागणी बायोसकडे करते. तिथे एक चांगली युक्ती चालते. ३६०च्या फ्लॉपीवरचे ४० ट्रॅक जसेच्या तसे, सेक्टरला सेक्टर, ७२०च्या फ्लॉपीच्या पहिल्या ४० ट्रॅकांवर लिहावेत. एका ट्रॅकवरचे सेक्टर दोन्हीकडे ९च असल्यामुळे प्रत्येक मागणी आपल्या जागी बरोबर पोहोचते. उरलेले ४० ट्रॅक रिकामे राहतात, म्हणजे क्षमतेचा लाभ मिळत नाही, पण सव्वापाच इंची जीर्ण फ्लॉपीची जागा साडेतीन इंची भक्कम फ्लॉपी घेते. १८ सेक्टरांच्या फ्लॉपीवर प्रतिमा, म्हणजे मूळ फ्लॉपीची सेक्टरवार नक्कल, ओळीने लिहिली तर हे जमत नाही, कारण दहाव्या सेक्टरपासून सगळ्या जागा सरकतात. डॉसच्या अगदी पहिल्या काळातल्या, ट्रॅकवर ८ सेक्टर असलेल्या १६० आणि ३२० किलोबाइटच्या फ्लॉप्यांनाही ही युक्ती लागू करता येते. फक्त त्यांचे ८ सेक्टर प्रत्येक ट्रॅकच्या पहिल्या ८ जागांवर बसवावे लागतात आणि नववा मोकळा सोडावा लागतो.

शाळेचा संगणक संस्थेच्या कामालाही वापरायचा असल्यामुळे भारनियमनाचा विचार करावाच लागेल. डीबेसमध्ये नव्या नोंदी फाइलीत लिहिल्या गेल्या तरी एकूण नोंदींची संख्या फाइलीच्या मथळ्यात लिहिली जाते ती फाइल बंद करताना. मध्येच वीज गेली तर फ्लॉपीवर नोंदी असतात, पण मथळा त्यांना मोजत नाही, आणि दुपारभर केलेल्या काटापट्ट्या गेल्यासारख्या दिसतात. काही पट्ट्या झाल्या की फाइल ‘यूज’ने बंद करून पुन्हा उघडणे, ही सवय ऑपरेटरला लावावी, जमल्यास ते प्रोग्राममध्येच घालावे. इन्व्हर्टर असेल तरी त्याची बदली होण्याच्या क्षणी जुना वीजपुरवठा डगमगतो, म्हणून एक लहान यूपीएस वेगळा असलेला बरा. पूर्वी दोन फ्लॉप्यांवर असलेला डेटा आता एकीवर येतो, त्यामुळे दर संध्याकाळी दुसऱ्या ७२०वर प्रत घेणे आवश्यक आहे. दोन प्रती आलटून पालटून ठेवाव्यात, म्हणजे बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर बसणार नाही.

फ्लॉप्या साधारण ५० अंशांपर्यंतच ठेवण्याजोग्या असतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश होतात. टिनाच्या छताखालच्या लोखंडी कपाटात आत किती होत असतील हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात उलट त्रास होतो तो बुरशीचा. चकतीवर पांढुरके ठिपके किंवा धुरकट वर्तुळे दिसत असतील तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. डोक्याला लागलेली घाण पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर ओरखडा काढते. डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. मूळ फ्लॉप्यांवर, त्या सव्वापाच इंची असल्यास, लेखनबंदीची चिकटपट्टी आधी लावावी आणि मगच त्या वाचायला घ्याव्यात.

मूळ फ्लॉप्यांच्या प्रतिमा आधुनिक संगणकावर घेऊन ठेवणे मला सर्वांत आधी करण्याजोगे वाटते. यूएसबीला लागणारे तयार फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात, त्यांचा येथे उपयोग नाही. ग्रीझवीझल नावाचे लहानसे कार्ड ३४ तारांच्या पट्टीने सव्वापाच इंची ड्राइव्हला आणि यूएसबीने संगणकाला जोडता येते, आणि ते सेक्टरांच्या खालच्या पातळीवर, चुंबकीय बदलांचीच नोंद घेते. आपला १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह या कामासाठी उत्तम आहे, कारण वाचण्यात त्याच्या अरुंद डोक्याची अडचण येत नाही. पुढे फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या तर गोटेक नावाचा, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा आणि पेनड्राइव्हवरच्या प्रतिमा वाचणारा संच बी म्हणून लावता येईल. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घालावे आणि आपल्या कंट्रोलरसाठी प्रतिमा ७२० किलोबाइटच्याच बनवाव्यात. संस्थेची पत्रे सीडॅकच्या जिस्ट कार्डावर मराठीत लिहिलेली असतील तर त्या फाइलीही अशाच जपाव्यात. त्यांतली अक्षरे युनिकोडमध्ये नसल्याने नव्या संगणकावर त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात, म्हणून कोणी त्या खराब समजून पुसू नयेत.

सगळे बसवून झाल्यावर एक कोरी दुहेरी घनतेची फ्लॉपी बी मध्ये घालून ‘फॉरमॅट बी:’ करावे आणि मग ‘चेकडिस्क बी:’ चालवावे. ड्रायव्हर डॉट सिसच्या मार्गाने गेला असाल तर बी च्या जागी नवे अक्षर घालावे. एकूण जागा ७,३०,११२ बाइट दाखवली तर जोडणी आणि कॉन्फिगमधली ओळ दोन्ही बरोबर आहेत. ३,६२,४९६ दाखवली तर ड्राइव्ह ठीक आहे, पण डॉस अजून त्याला जुनाच समजतो आहे. कॉन्फिग डॉट सिस ज्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केला तिच्यावरच आहे ना, आणि ती ओळ लिहिल्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला होता ना, हे आधी पाहावे.